एका ताऱ्याचे वजन अडीच हजारांवरून दोनशेवर कसे आले?

‘विश्वातील सर्वांत जड तारा’ अशा मथळ्याचा मजकूर इंदूरच्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये अधूनमधून फिरत असतो आणि प्रत्येक वेळी त्यातला आकडा वेगळा असतो. कधी तो तारा सूर्याच्या ३२० पट जड असतो, कधी २६५ पट, कधी २१५ पट, तर कधी १९६ पट. चाळीस वर्षांपूर्वीची विज्ञान मासिके जपून ठेवणाऱ्या एखाद्या काकांनी २५०० पट हाही आकडा वाचलेला असतो, आणि मग गटात चर्चा ताऱ्यावरून घसरून ‘शास्त्रज्ञांचे काही खरे नाही’ इथवर येते.

हे सगळे आकडे एकाच ठिकाणाविषयीचे आहेत आणि त्यांतला एकही छपाईची चूक नाही. त्यांपैकी ३२० हा आकडा ताऱ्याच्या जन्माच्या वेळचा अंदाज आहे. बाकीचे त्याच्या आजच्या वस्तुमानाचे, म्हणजे त्यात किती द्रव्य आहे याचे, वेगवेगळ्या काळी केलेले हिशेब आहेत. ताऱ्याचे वस्तुमान चाळीस वर्षांत जाणवण्याइतके बदललेले नाही. त्याचा प्रकाश शेजाऱ्यांच्या प्रकाशापासून वेगळा काढण्याची आपली क्षमता मात्र खूप बदलली, आणि आकडा उतरत गेला तो मुख्यतः त्यामुळे.

तारा आहे कुठे, आणि इंदुरातून का दिसत नाही

आपल्या आकाशगंगेच्या शेजारी मोठा मॅगेलन मेघ नावाची एक छोटी दीर्घिका आहे. तिचे अंतर सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे. तिच्यात टॅरंटुला नावाचा एक प्रचंड तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग आहे. तो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाइतका जवळ असता तर त्याच्या उजेडात रात्री सावल्या पडल्या असत्या. या ढगाच्या गाभ्यात आर-१३६ हा तारकागुच्छ आहे. नावातला ‘आर’ दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे असलेल्या रॅडक्लिफ वेधशाळेच्या यादीवरून आला. गुच्छाच्या मध्यभागातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे पूर्ण नाव आर-१३६-ए-१. यापुढे त्याला नुसते ए-१ म्हणू.

जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास मृग नक्षत्र इंदूरच्या आकाशात नेमके दक्षिणोत्तर रेषेवर येते. त्याच रेषेवर खाली दक्षिणेकडे गेले की क्षितिजाच्या पलीकडे, दोन अंशांहूनही कमी अंतरावर, त्या वेळी आर-१३६ असतो. तो कधीच उगवत नाही. थोडक्यात हुकते म्हणून हळहळ वाटते खरी, पण अगस्त्याचा ठळक तारासुद्धा इथे दक्षिण क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंशांपर्यंत चढतो आणि आर-१३६ त्याच्याही सोळा-सतरा अंश दक्षिणेला आहे. बडोद्याची स्थिती इंदुरासारखीच, ग्वाल्हेरची आणखी वाईट. कन्याकुमारीहून मात्र ती जागा क्षितिजावर तेरा अंशांपर्यंत येते. या ताऱ्यांचा बारकाईने अभ्यास झाला तो चिलीतील दुर्बिणींमधून आणि अवकाशातून, याचे एक कारण हे आहे.

तारा तोलतात म्हणजे नेमके काय करतात

ताऱ्याचे वस्तुमान काढण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर त्यांच्या फेरीचा काळ आणि वेग मोजून गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने दोघांचे वस्तुमान काढता येते. त्यातही एक तारा दुसऱ्याला अधूनमधून झाकत असेल तर कक्षेचा कलही कळतो आणि हिशेबात फारशी गृहीतके उरत नाहीत. आपल्याच आकाशगंगेतल्या एनजीसी ३६०३ या तरुण गुच्छात अशी एक जोडी आहे. ती पावणेचार दिवसांत एक फेरी पुरी करते, आणि २००८ साली तिच्यातल्या ताऱ्यांची वस्तुमाने सूर्याच्या सुमारे ११६ पट आणि ८९ पट असल्याचे जाहीर झाले.

ए-१ ला असा जोडीदार आढळलेला नाही. एकट्या ताऱ्याच्या बाबतीत प्रकाशावरून वस्तुमानाकडे जावे लागते. तारा जितका जड तितका त्याचा गाभा जास्त दाबला जातो, जास्त तापतो आणि तिथले इंधन जास्त झपाट्याने जळते. सूर्यासारख्या ताऱ्याचे वस्तुमान दुप्पट केले तर त्याचे तेज दहापटीहून अधिक वाढते. शंभर सूर्यांच्या पुढे मात्र ही वाढ मंदावते आणि तेज जवळजवळ वस्तुमानाच्या प्रमाणातच वाढू लागते. याचे कारण असे की प्रकाशालाही दाब असतो. तेज फार वाढले तर बाहेर पडणारा प्रकाशच ताऱ्याचे बाहेरचे थर उडवून देईल, अशी मर्यादा आर्थर एडिंग्टन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिली होती, आणि हे तारे तिच्या काठावर जगतात.

या नात्याचा परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेज आणि वस्तुमान जवळपास एका प्रमाणात असल्यामुळे, प्रकाशाच्या एका ठिपक्यात दोन तारे दडलेले असतील आणि आपण त्यांना एकच समजलो, तर त्या कल्पित ताऱ्याचे वस्तुमान दुपटीच्या घरात निघते. दहा दडलेले असतील तर चूक दहापटीकडे जाते.

आणखी एक अडचण तापमानाची आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे, तर ए-१ चा चाळीस हजारांच्या पुढे. इतक्या तापलेल्या ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आणि पृथ्वीच्या हवेत अडणारा. दिसतो तेवढ्या थोड्या भागावरून संपूर्ण तेज काढायचे तर तापमान अचूक हवे, आणि ते वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश पसरवून केलेल्या रंगपट्टीतल्या रेषांवरून ठरवतात. या ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन हजारांहून अधिक किलोमीटर वेगाने वारा सुटलेला असतो. त्याने त्या रेषा रुंदावतात, आणि ताऱ्याची कडा नेमकी कुठे संपते व वारा कुठे सुरू होतो हेच धूसर होते. गणित अवघड होते ते इथे.

अडीच हजार हा आकडा आला कुठून

१९८१ साली कॅसिनेली, मॅथिस आणि सॅव्हेज या तीन अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी एका अतिनील उपग्रहाच्या निरीक्षणांवरून असे मांडले की आर-१३६ च्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे २५०० पट जड असा एकच अवाढव्य तारा असावा. आज हे विचित्र वाटते, पण त्या काळच्या दुर्बिणींना तिथे एकच ठिपका दिसत होता, त्याचे तेज अफाट होते, आणि भोवतालचा एवढा मोठा ढग उजळवण्यासाठी तितका प्रकाश हवाच होता. प्रकाशाची बेरीज बरोबर होती. ती एकाच्या नावावर मांडली गेली होती, इतकेच.

कोनांची मापे इथे सांगायला हवीत. एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला. पौर्णिमेचा चंद्र सुमारे १८०० विकलांचा असतो. साधारण रात्री हवेच्या हालचालीमुळे ताऱ्याची प्रतिमा एखाद्या विकलेएवढी पसरते. मॅगेलन मेघाच्या अंतरावर एक विकला म्हणजे जवळपास ०.८ प्रकाशवर्ष. सूर्याभोवती एवढ्या अंतरात दुसरा एकही तारा नाही, सर्वांत जवळचा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. पण आर-१३६ च्या गाभ्यात तेवढ्याच जागेत अनेक तारे कोंबलेले आहेत. ए-१ आणि त्याचा शेजारी ए-२ यांच्यात तर केवळ ०.१ विकलेचे अंतर आहे.

सराफ्यातली कढई आणि चिलीतला कॅमेरा

ज्यांनी थंडीच्या दिवसांत इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाल्ले आहेत, त्यांना पुढचे तंत्र समजायला वेळ लागणार नाही. गराडूच्या कढईसमोर उभे राहून तिच्या वरून पलीकडच्या दुकानावरच्या दिव्यांच्या माळेकडे पाहावे. तेलावरून उठणाऱ्या गरम हवेमुळे प्रत्येक दिवा थरथरतो, जवळजवळचे दोन दिवे एकमेकांत मिसळतात, आणि जराशा दुरून ती माळ उजेडाचा एक सलग पट्टा वाटू लागते. फोनचा कॅमेरा एक सेकंदभर उघडा ठेवून फोटो घेतला तर पट्टाच येतो. मात्र अगदी क्षणभराचे शेकडो फोटो घेतले, तर प्रत्येकात हवा त्या क्षणापुरती गोठलेली असते. दिवे जागचे हललेले असतात, पण सुटे असतात. मग संगणकाच्या मदतीने त्या सगळ्या फोटोंतून हवेची थरथर वजा करून दिव्यांची खरी मांडणी काढता येते.

१९८५ साली वायगेल्ट आणि बायर या जर्मन खगोलशास्त्रज्ञांनी हेच केले आणि त्या एका ‘महाताऱ्या’च्या जागी एका विकलेच्या आत निदान आठ तारे असल्याचे दाखवले. पुढे हबल दुर्बिणीने, जी हवेच्या वरच असल्यामुळे तिला कढईची अडचणच नाही, त्यावर शिक्कामोर्तब केले. अडीच हजारांचा तारा तिथे संपला.

त्यानंतर प्रश्न उलट दिशेने आला. २००५ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या आर्चेस गुच्छाच्या पाहणीवरून असे अनुमान निघाले की ताऱ्यांना सुमारे १५० सूर्यांची कमाल मर्यादा असावी. २०१० साली पॉल क्राउदर आणि सहकाऱ्यांनी हबलची जुनी निरीक्षणे आणि चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपची अवरक्त निरीक्षणे एकत्र केली. त्या दुर्बिणीत हवेच्या हालचालीप्रमाणे एक आरसा क्षणोक्षणी किंचित वाकवून थरथर जागच्या जागी दुरुस्त करण्याची सोय होती. त्यांचा निष्कर्ष असा की ए-१ आज २६५ सूर्यांएवढा आहे आणि जन्मताना ३२० चा होता. मधले द्रव्य वाऱ्याने उडून गेले. बातम्यांत तेव्हा ३२० हा आकडा जास्त गाजला, कारण तो मोठा होता.

२०१६ मध्ये हबलच्या अतिनील वर्णपटांवरून या गुच्छात शंभर सूर्यांपेक्षा जड असे नऊ तारे असल्याचे जाहीर झाले. त्या नवांचे एकत्रित तेज सूर्याच्या सुमारे तीन कोटी पट भरते. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरही उत्तम अतिनील दुर्बीण आहे, पण तिचे बळ विस्तृत क्षेत्र एका दमात टिपण्यात आहे. एक-दीड विकलेच्या तिच्या तीक्ष्णतेला हा गाभा सुटा करता येत नाही. २०२० मध्ये ए-१ चा अंदाज २१५ वर आला.

२०२२ चे काम पुन्हा क्षणचित्रांच्या तंत्राचे होते. वेणू कलारी आणि सहकाऱ्यांनी चिलीतील ८.१ मीटर व्यासाच्या जेमिनी साउथ दुर्बिणीवर झोरो नावाचा कॅमेरा लावला आणि सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाहून जास्त नाही अशा, प्रत्येकी ६० मिलिसेकंदांच्या, ४०,००० प्रतिमा चाळीस मिनिटांत घेतल्या. त्या सगळ्यांतून तयार झालेल्या चित्रात ए-१ शेजाऱ्यांपासून आधीपेक्षा स्वच्छ सुटा झाला. त्याच्या खात्यावर धरलेला थोडा प्रकाश शेजाऱ्यांचा निघाला, म्हणून त्याचे तेज कमी भरले, म्हणून वस्तुमान १९६ वर आले. ए-२ आणि ए-३ हे दोघेही दीडशेच्या आसपास उतरले.

‘दर वेळी आकडा बदलतो, मग विश्वास कशावर ठेवायचा?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्याला बातम्याच जबाबदार आहेत, कारण त्या आकडा देतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंची त्रुटीमर्यादा गाळतात. २०२२ च्या निष्कर्षात १९६ च्या वर ३४ आणि खाली २७ अशी मोकळीक ठेवली आहे, म्हणजे उत्तर १६९ ते २३० यांच्या दरम्यान आहे. २०१० च्या २६५ या आकड्याची खालची कडा २३० होती. दोन्ही पट्टे एकमेकांना टेकतात, आणि २०२० चा २१५ नव्या पट्ट्याच्या आतच बसतो. १९८१ ते १९८५ या काळात जे झाले ते खरे उलटणे होते. त्यानंतरचे सगळे बारीक करत आणणे आहे. या दोन गोष्टी एकाच सुरात सांगितल्या गेल्यामुळे वाचकांचा गोंधळ होतो, असे माझे मत आहे.

‘ए-१ सुद्धा उद्या दोन तारे निघाला तर?’

ही शक्यता कोणीही नाकारलेली नाही. पण जोडी शोधण्यासाठी नुसत्या प्रतिमेवर अवलंबून राहावे लागत नाही. असे दोन जड तारे जवळजवळ फिरत असतील तर त्यांचे वारे एकमेकांवर आदळतात आणि त्या धडकेतून जोरदार क्ष-किरण निघतात. त्याच तेजोमेघातला मेल्निक-३४ हा तारा क्ष-किरणांत असाच विलक्षण तेजस्वी आढळला, आणि पुढे तो १५५ दिवसांत एक फेरी पुरी करणारी जोडी असल्याचे सिद्ध झाले. २०१९ मधील अभ्यासानुसार तिच्यातले तारे सुमारे १३९ आणि १२७ सूर्यांचे आहेत. ए-१ कडून तसे क्ष-किरण येत नाहीत. त्याला एखादा लहान जोडीदार असू शकेल, पण लहान जोडीदाराचा प्रकाशही लहानच, त्यामुळे वस्तुमानाच्या हिशेबात फार मोठा फरक पडणार नाही.

‘एवढ्या दूरचा तारा आज आहे तरी का?’

त्याचा आज पोहोचलेला प्रकाश १,६०,००० वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा शंका रास्त आहे. उत्तरासाठी आयुष्याचा हिशेब करावा लागतो. सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे. ए-१ कडे इंधन दोनशेपट आहे, पण सोयीसाठी त्याचा खर्च पन्नास लाखपट धरला तर आयुष्य निघते चार लाख वर्षे. प्रत्यक्षात ते वीस-तीस लाख वर्षे असते. फरकाचे कारण असे की सूर्य आपल्या शांत आयुष्यात फक्त गाभ्यातला, म्हणजे एकूण हायड्रोजनपैकी सुमारे दहावा हिस्सा जाळतो. अतिजड ताऱ्यात मात्र आतले द्रव्य सतत ढवळले जात असल्यामुळे जवळजवळ सगळे इंधन भट्टीपर्यंत पोहोचते. गुच्छाचे वय पंधरा लाख वर्षांच्या आसपास आहे. तेव्हा मधल्या दीड-पावणेदोन लाख वर्षांत तो संपला असण्याची शक्यता कमीच.

याच हिशेबामुळे अतिजड ताऱ्यांचा शोध तरुण गुच्छांतच घ्यावा लागतो. तीस लाख वर्षे उलटली की सर्वांत जड तारे निघून गेलेले असतात आणि मागे राहिलेल्यांतला सर्वांत जड तारा आपल्याला निसर्गाची कमाल मर्यादा वाटू लागतो. आर्चेस गुच्छाच्या १५० च्या मर्यादेवर नेमका हाच आक्षेप नंतर घेतला गेला. तरुण गुच्छ पुष्कळ आहेत, पण बहुतेक इतके भरगच्च नसतात. मृगाच्या तेजोमेघातला चौकडीचा गुच्छ इंदुरातल्या कोणत्याही गच्चीवरून छोट्या दुर्बिणीने दिसतो आणि तोही अगदी तरुण आहे, पण त्यातला सर्वांत जड तारा तीस-चाळीस सूर्यांचा आहे.

वजनाने एवढे काय ठरते

ताऱ्याचा शेवट ठरतो. साधारण जड ताऱ्याचा गाभा कोसळतो, बाहेरचे थर अतिनवताऱ्याच्या स्फोटात उधळले जातात, आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर राहते. पण इंधन संपतेवेळी हेलियमचा गाभा साधारण ६५ ते १३० सूर्यांचा असेल, तर आतली उष्णता इतकी वाढते की प्रकाशाचे रूपांतर इलेक्ट्रॉन आणि त्याच्या प्रतिकणाच्या जोड्यांत होऊ लागते. गाभ्याला तोलून धरणारा दाब अचानक खचतो, आकुंचन होते, इंधन एकदम पेटते आणि संपूर्ण तारा फुटून जातो. मागे कृष्णविवरसुद्धा उरत नाही.

ए-१ च्या नशिबी यांपैकी काय आहे, हे तो मरेपर्यंत किती द्रव्य वाऱ्यावर घालवतो यावर ठरेल. सध्याच्या अंदाजांप्रमाणे तो वीस हजार वर्षांत जवळपास एका सूर्याएवढे द्रव्य गमावतो. हा वारा ताऱ्यातल्या जड मूलद्रव्यांवर चालतो, कारण प्रकाशाची पकड मुख्यतः त्यांच्यावर बसते, आणि मॅगेलन मेघात ती सूर्याच्या परिसराच्या निम्मीच आहेत. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांत ती जवळजवळ नव्हतीच, म्हणून त्यांचे वारे क्षीण असणार आणि ते शेवटपर्यंत जड राहणार, असा तर्क आहे. आर-१३६ हे त्या तर्काची परीक्षा घेता येईल असे सर्वांत जवळचे आणि सर्वांत भरलेले ठिकाण आहे.

परीक्षेची दुसरी बाजू प्रकाशाशिवायची आहे. मे २०१९ मध्ये लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणाऱ्या तरंगांतून, दोन कृष्णविवरांचे मीलन टिपले. ती सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांची होती आणि मिळून १४२ सूर्यांचे कृष्णविवर झाले. वर सांगितलेल्या स्फोटामुळे साधारण ६५ ते १२० सूर्यांच्या दरम्यान ताऱ्यापासून थेट बनलेले कृष्णविवर सापडू नये, अशी अपेक्षा होती, आणि त्यांतले ८५ चे नेमके त्या पट्ट्यात बसते. ते आधीच्या एखाद्या मीलनातून बनले असेल, किंवा अतिजड ताऱ्यांच्या वाऱ्याचा आणि गाभ्याचा आपला हिशेबच दुरुस्त करावा लागेल. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. ती चालू झाली की अशा मीलनांची आकाशातली जागा आजच्यापेक्षा पुष्कळ नेमकी सांगता येईल. लहरींवरून काढलेले वस्तुमान हे फिरणाऱ्या जोडीचे वस्तुमान असते, त्यात शेजाऱ्याचा प्रकाश मिसळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणून प्रकाशावरून तोललेल्या ए-१ सारख्या ताऱ्यांच्या आकड्यांशी त्याचा ताळा घालून पाहण्याचे काम आता सुरू आहे.